खेळाडूची चौकशी

शारजा,
१२ डिसेंबर २००८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. विशेष बरंच आहे, तेव्हा चहा घेऊनच बस.

पत्र पाहून म्हणशील, याचा फोन मोडला की काय. फोन धड आहे. पण फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि न ऐकलेल्या अर्ध्याचं उत्तर देतेस. शिवाय इथल्या फ्लॅटच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी कान आहेत. इमारतीतले एक जण उद्या पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती हे देतोय. पाकिटावर टेप लावली आहे, ती निघालेली दिसली तर कळव.

मंडळाचा आपला बास्केटबॉल संघ मोडायला आलाय. अकरा वर्षांपूर्वी मी वडापावच्या आमिषानं पाच जण जमवले होते, तोच हा 'सह्याद्री'. ऑक्टोबरपासून इथल्या कंपन्यांनी माणसं काढायचा सपाटा लावलाय. बारातले सहा जण गेले. दोघं सांगून गेले, चौघं न सांगता. एकाकडे शुक्रवारी जर्सी आणायला गेलो, तर दार सताड उघडं आणि आत वॉचमन फरशी पुसत होता. आता कोणी नवा बूट घेतला तरी वाटतं, हा राहणार बहुतेक. आणि कोणी हसून बोललं तरी वाटतं, हा निघाला.

दोन वर्षं आम्ही लीगमध्ये आठवे आहोत, आठातले आठवे. तिसऱ्यांदा आठवे आलो तर आपली जागा दुसऱ्या मंडळाला द्यायची असं समितीनं ठरवलंय. मग खलास. अकरा वर्षांचे शुक्रवार गेले.

आता मुद्दा. शेवटच्या संघाला एक सवलत असते. शाळांतून नवी पोरं नाव नोंदवतात, त्यातला पहिला खेळाडू आम्ही उचलायचा. याला इथे ड्राफ्ट म्हणतात. यंदा यादीत कैवल्य म्हणून सोळा वर्षांचा मुलगा आहे, उंच, हात लांब. चाचणीच्या वेळी मी मराठीत ओरडलो आणि तो इंग्रजीत 'येस अंकल' म्हणाला, पण ऐकलं. आणि नेमका आत्ताच खलिफा सिटीतल्या मधूचा फोन आला. मधू म्हणजे अबू धाबीच्या संघाचा मॅनेजर. म्हणाला, तुझा पहिला हक्क मला दे, मी तुला संजय देतो.

संजय चौतीस वर्षांचा आहे, विद्यापीठाकडून खेळलेला, लीगमधला सगळ्यात शहाणा खेळाडू. असा माणूस मधू हातचा का सोडतोय? विचारलं तर म्हणे, संजय जागा बदलतोय, त्याला अबू धाबी लांब पडेल. एवढंच. एवढं सोपं कारण मला आजवर कुणी खरं दिलेलं नाही.

तू तीस वर्षं शाळेतल्या पोरींना हा खेळ शिकवलास. सांग, कच्चं पोर घेऊ की पिकलेला माणूस? वीणा म्हणते, अबोला धरलेल्या नणंदा-भावजया एकमेकींकडे पाहतात तसा मी सगळ्यांकडे पाहायला लागलोय. भावजय तुझीच, तूच काय ते उत्तर दे.

लोभ आहेच, तो संशयी भावावरही असू द्यावा.
तुझा,
गुणवंत


पुणे,
२६ डिसेंबर २००८

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद. टेप शाबूत होती. पाकीट उघडताना माझंच नख तुटलं.

पोर घे. यात विचारायचं काय? मोडलेला संघ उभा करायचा तर पोरांपासून. पिकलेला माणूस आपल्या सवयी घेऊन येतो. त्याला तुमच्या चार जणांची चाल बदलायची असते, स्वतःची नव्हे. मी एकदा जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी दुसऱ्या शाळेतून आलेल्या तयार पोरी घेतल्या होत्या. त्या वर्षी चषक आला आणि पुढची तीन वर्षं माझ्याकडे चेंडू धरणारी एक पोरगी उरली नव्हती. पोरं पहिल्या वर्षी रडवतात, दुसऱ्या वर्षी पळवतात आणि तिसऱ्या वर्षी आपल्याला बाकावर बसून नुसतं बघायला लावतात.

आणि मधूचं म्हणशील, तर मलाही वास येतोय. धर्माच्या गाईचे दात बघू नयेत हे खरं, पण ही गाय धर्माची नाही, बदल्यात येतेय. दात बघ, खूर बघ, गुडघे तर आधी बघ. चौतिसाव्या वर्षी गुडघा कसा बोलतो ते मला विचार.

वीणाला म्हणावं, नणंद अजून बोलती आहे.

आशीर्वाद नेहमीचेच. टेपचा खर्च मात्र कमी कर.
तुझी,
सुहासिनीताई


शारजा,
९ जानेवारी २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं पुण्यात सोळा आणे खरं. पुण्यातलं पोर मोठं होतं आणि पुण्यातच राहतं. इथली पोरं बापाच्या व्हिसावर वाढतात आणि अठरावं लागलं की इंजिनिअरिंगला पुण्याला नाहीतर मणिपालला जातात. कैवल्यला मी पहिल्या वर्षी रडत, दुसऱ्या वर्षी पळत शिकवीन, आणि तिसऱ्या वर्षी बाकावर बसून बघायचं ते त्याचं विमान. म्हणजे इथे पोर घेतलं तरी जाणार. प्रश्न एवढाच, कोण उशिरा जाईल. म्हणून मन संजयकडे झुकत होतं.

पण ऐक. मागच्या आठवड्यात कामासाठी दुबईत जुमेरा लेक टॉवर्सला गेलो होतो. संजय तिथेच राहतो, पंचविसाव्या मजल्यावर. खालच्या सुपरमार्केटच्या फलकावर चिठ्ठी होती: सोफा, मोठा फ्रिज, मुलांचा दुमजली पलंग, ताबडतोब विकणे. खाली नंबर संजयचा.

मी काय केलं ते वीणाला सांगू नकोस. पलीकडच्या फोनबूथवरून गिऱ्हाईक म्हणून फोन केला, हिंदीत. सोफा सहाशे दिरहॅम म्हणाला, म्हणजे आपले आठ हजार. चारशेतही सोडायला तयार झाला. कशाला विकताय विचारलं, तर म्हणे, जागा बदलतोय. मधूचेच शब्द, जसेच्या तसे. दोघांनी बसून पाठ केल्यासारखे. ताई, या दिवसांत दुबईत मुलांचा पलंग विकणारा माणूस जागा नाही, देश बदलतो. संजय मार्चमध्ये निघून जाणार हे मधूला माहीत आहे, आणि जाणारा माणूस माझ्या गळ्यात मारून तो कैवल्यला घेऊन जाणार.

खात्री मात्र हवी. संजयला विचारून उपयोग नाही, कोणीच खरं सांगत नाही. त्याची आई सहकारनगरला राहते, तुझ्यापासून दोन थांब्यांवर. तू आपल्या घरातल्या किती मुलींसाठी स्थळांच्या चौकशा केल्यास. मुलगा कसा, नोकरी टिकाऊ की नाही, हे तू शेजारणीशी दूधवाल्यावर बोलता बोलता काढून आणायचीस. तशीच एक चौकशी कर. फक्त या मुलाला मुलगी द्यायची नसून संघ द्यायचा आहे. सध्या संक्रांतीचा तिळगूळ आहेच निमित्ताला.

लोभ वाढवावा, आणि हे पत्र फाडावं.
तुझा,
गुणवंत


पुणे,
२४ जानेवारी २००९

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद. पत्र फाडलेलं नाही. शिक्षकी पेशातला माणूस कागद फाडत नाही.

काम केलं. तिळगुळाचा डबा घेऊन गेले. संजयच्या आईला मी देवळातल्या भजनात पाहिलेलं होतं, एवढी ओळख पुरली. बाई साध्या आहेत. एकट्या राहतात. वरच्या मजल्यावर खोली आहे आणि जिन्यात चुन्याची बादली होती, रंगारी वर गुणगुणत होता. मी विचारलं, रंग काढताय वाटतं. त्या म्हणाल्या, हो, खोली लागणार आहे. लागणार आहे, म्हणजे कुणाला? पुढे काही बोलल्या नाहीत. घराला दहा वर्षांत रंग नाही आणि आत्ताच कसा सुचला?

मग मी अगदी सहज विचारलं की संजय सहकुटुंब परत येतोय असं ऐकलं, बरं होईल तुम्हाला सोबत. बाईंच्या हातातली वाटी खालीच ठेवली गेली. कोण म्हणालं, म्हणाल्या. मी म्हटलं, दुबईत सगळे म्हणतात. त्या म्हणाल्या, मला काहीच बोलला नाही तो. पण चेहरा असा उतरला की मला वाटलं, आईला माहीत आहे आणि झाकतेय. तीस वर्षं पोरींच्या खोट्या पोटदुख्या पाहिल्यात मी.

तेव्हा निकाल असा: माणूस निघालेला आहे. तू कैवल्यला घे. दोन वर्षं तर दोन वर्षं. दोन वर्षांत मी पोरीचा डावा हात उजव्याइतका चालवून दाखवला आहे.

आशीर्वाद. गूळ महाग झालाय, म्हणून यंदा गोड शब्द कमीच.
तुझी,
ताई


शारजा,
६ फेब्रुवारी २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं मन स्वच्छ झालं. कैवल्यला घेतलं आणि मधूला नकार कळवला. जरा टोचूनच म्हणालो की दोन महिन्यांचा पाहुणा मला नको. मधू म्हणाला, गुणवंत, तुला कोणी काही सांगितलंय का. मी म्हटलं, मला डोळे आहेत.

पण एक गोष्ट खुपतेय. परवा संध्याकाळी आमच्या मागच्या इमारतीसमोर टेम्पो उभा होता आणि संजय गाद्या उतरवत होता. शारजात. माझ्या घरापासून दोन इमारतींवर. मला पाहून ओशाळला. म्हणाला, पगार वीस टक्के कापलाय, तिकडचं भाडं झेपेना; जागा लहान आहे म्हणून सामान विकलं; लोकांना सांगायला लाज वाटत होती, की टॉवर सोडून शारजाला चाललोय. मी अठरा वर्षं शारजात राहतो, ताई, आणि इथे यायची कुणाला लाज वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तरी म्हणतो, तात्पुरता असेल. मार्चपर्यंत शाळा संपायची वाट पाहत असेल. तू पाहिलेला रंगारी काही उगीच आला नव्हता.

लोभ असावा. शंकाही असू द्यावी, दोन्ही लागतात.
तुझा,
गुणवंत


पुणे,
२० फेब्रुवारी २००९

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. सहकारनगरवरून गेले. संजयच्या आईच्या फाटकाला पाटी आहे: वरची खोली भाड्याने देणे आहे. एक विद्यार्थिनी सामान घेऊन वर चढताना पाहिली. रंग तिच्यासाठी होता. मुलाचा पगार कापला म्हणून बाईंनी आपल्या घराचा भाग भाड्याने दिला असणार, आणि ते तिळगूळ घेऊन आलेल्या परक्या बाईला सांगायचं कशाला?

मला बरं वाटत नाहीये. गुडघ्याचं नाही म्हणत. संजय कसा आहे ते कळव.

आशीर्वाद.
ताई


शारजा,
१३ मार्च २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

संजयची नोकरी गेली.

काल तो आमच्याकडे येऊन बसला होता, शेजारी म्हणून. त्याच्या विभागात दोघं होते, तो आणि वेदांग. वेदांग त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, संजयनंच वशिला लावून आणलेला. कंपनीला दोघांतला एक कमी करायचा होता. साहेबानं संजयला बोलावलं आणि म्हणाला, तू नाहीतरी एप्रिलमध्ये चाललायस, मग उगीच दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला? संजय म्हणाला, मी कुठेही चाललो नाही, मी आत्ताच नवीन जागा घेतलीय. साहेब म्हणाला, सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. कागद तयार होते. व्हिसा रद्द झालाय, आणि तीस दिवसांत देश सोडायचा.

त्यानं शोध घेतला. ऑफिसात कागदपत्रं पाहणाऱ्या शहनाझला वेदांगनं जानेवारीच्या शेवटी विचारलं होतं, की संजयनं राजीनामा दिलाय का. संजयनं वेदांगला जाब विचारला. तो म्हणाला, मी फक्त विचारलं, का ते सांगू शकत नाही. संजय म्हणतो, आपली खुर्ची वाचवायला त्यानं मुद्दाम वावडी उठवली. सोळा वर्षांची मैत्री, आता फोन घेत नाहीत. दोघांच्या बायकाही बोलत नाहीत. वीणा पाणी आणायला उठली आणि जाताना माझ्याकडे बघून गेली.

ताई, तुझ्यापासून लपवत नाही. वेदांगचं नाव ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. पण जानेवारीच्या शेवटी ही तारीख डोक्यातून जात नाही. तू चौकशीला कधी गेलीस? आणि बाईंशिवाय कुणाशी बोललीस का? नीट आठवून लिही. मला तुझ्यावर संशय घ्यायचा नाही, पण घेतोय.

त्यातून हे आणखी. व्हिसा नाही म्हणून संजयला लीगमध्ये खेळता येत नाही, तर तो रोज संध्याकाळी आमच्या पोरांच्या सरावाला येतो. म्हणतो, घरी बसून काय करू. कैवल्यला पाय कसे टाकायचे ते शिकवतोय. मला जे अकरा वर्षांत जमलं नाही ते त्यानं चार दिवसांत करून दाखवलं. मी बाजूला उभा राहून बाटल्या भरतो.

तुझा,
गुणवंत


पुणे,
२७ मार्च २००९

चि. गुणवंत यास,
अनेक आशीर्वाद.

संशय बरोबर जागी गेला. मी वीस जानेवारीला गेले होते. तुझं पत्र आल्यावर तशीच उठून सहकारनगरला गेले आणि बाईंना सरळ विचारलं. मी निघाल्यावर त्याच संध्याकाळी त्यांनी वेदांगला फोन केला होता. संजयला विचारलं तर आईला काळजी नको म्हणून तो खोटं बोलेल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्याच्या मित्राला म्हणाल्या, तू गुपचूप माहिती काढ, आणि मी विचारलं हे संजयला कधी सांगू नकोस, माझी शपथ आहे. त्या पोरानं शपथ पाळली. नोकरी राहिली त्याची, पण मित्र गेला आणि तोंड बंद.

बघ, तू मला विचारलंस, मी आईला विचारलं, आईनं वेदांगला, वेदांगनं शहनाझला. सगळ्यांनी सहज विचारलं. ज्याचं होतं त्याला कोणीच विचारलं नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. तुझा संघ, माझा डबा, सगळं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमचा भाऊ खेळण्यासाठी एवढं करतो? मी साठी ओलांडलेली बाई, वर्गात कुणी खोटं बोललं तर उभी करायची, आणि तिथे मी उभीच होते.

माझा भाग मी केला. तुझा तू कर, आणि पत्रानं नको. तो देश सोडायच्या आत कर.

आशीर्वाद आहेत. तू काय करतोस ते पाहून पुढचे.
तुझी,
ताई


शारजा,
१० एप्रिल २००९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कमी महत्त्वाचं. आपण सातवे आलो. शेवटच्या सामन्यात पोरांनी मधूच्या संघाला चार गुणांनी हरवलं. संघाची जागा राहिली. समितीनं माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं, कारण कुणाकडे द्यायचं ते तेव्हा सांगायची हिंमत झाली नव्हती.

तुझं पत्र हाती आलं त्याच दिवशी सांगायचं ठरवलं होतं, पण तीन दिवस गेले. रोज सराव संपला की वाटायचं, आज पोरं आहेत, आज उकडतंय. शेवटी चौथ्या दिवशी त्याला थांबवलं. सगळं सांगितलं, मधूच्या फोनपासून. सुपरमार्केटची चिठ्ठी, मी हिंदीत केलेला फोन, तुला पाठवलं ते, आईंनी वेदांगला घातलेली शपथ. तो चेंडू हातात धरून ऐकत होता. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं स्वतःच्या नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं की वेदांगनं खरंच दुसरं काही केलं नाही ना. मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, चला, गाडी काढा, माझी विकली आहे.

वेदांग अल नाहदाला राहतो. वाटेत ट्रॅफिकमध्ये पाऊण तास लागला. वर गेलो. दार वेदांगनं उघडलं, मागे त्याची बायको उभी होती. संजयनं मला पुढे केलं आणि म्हणाला, यांना आत सांगा, जे मला सांगितलंत ते. मी चपला न काढता दारातच सगळं परत सांगितलं. पहिल्यांदा सांगताना माझी लाज मला वाटत होती. दुसऱ्यांदा सांगताना त्या दोघांच्या तोंडाकडे पाहून कळलं की मी काय काय केलंय. वेदांग खाली मान घालून म्हणाला, मी काकूंची शपथ मोडली नाही रे. संजयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं आत गेले. वेदांगची बायको दारात थांबली. मला वाटलं, आत या म्हणेल. तिनं दार लावून घेतलं, हळूच, आवाज न करता.

मी खाली गाडीत बसून राहिलो. परत न्यायला कुणीतरी लागेल, म्हणून. दोन तासांनी संजय वेदांगच्या गाडीतून निघून गेला. त्यानं मला पाहिलं होतं.

परवा, आठ तारखेला, तो गेला. विमानतळावर वेदांग गेला होता. मी गेलो नाही, मला कुणी बोलावलं नव्हतं. कैवल्य मात्र गेला होता. काल सरावाला आला तेव्हा मी त्याला विचारलं, संजय काही म्हणाला का. तो म्हणाला, यू शुड हॅव कम अँड आस्क्ड हिम, अंकल.

लोभ मागायची आज माझी पात्रता नाही. तू आपणहून ठेवशील तेवढा ठेव.
तुझा,
गुणवंत